मुलांमधलं कमी कॉर्टिसॉल: एका आकड्याचे अनेक अर्थ

एकाच निरोगी मुलाचं रक्त सकाळी आठला काढलं तर त्यात कॉर्टिसॉल डेसिलिटरमागे १४ मायक्रोग्रॅम भरू शकतं आणि मध्यरात्री काढलं तर जेमतेम २. दोन्ही आकडे त्या मुलाच्या शरीराच्या दृष्टीने अगदी योग्य असतात. प्रयोगशाळेच्या छापील रिपोर्टवर मात्र दुसऱ्या आकड्यापुढे ‘लो’ असा ठळक शिक्का येतो, कारण शेजारी छापलेली मर्यादा बहुधा सकाळच्या रक्तासाठीची असते. हा रिपोर्ट हल्ली संध्याकाळी मोबाइलवर येतो. डॉक्टरांची वेळ दुसऱ्या दिवशीची असते आणि रात्र आईवडिलांनी इंटरनेटवर ‘अ‍ॅडिसन’, ‘अ‍ॅड्रिनल क्रायसिस’ असे शब्द वाचण्यात जाते.

ही भीती सगळीच पोकळ नसते. कॉर्टिसॉल खरोखर कमी असेल आणि ते वेळेवर ओळखलं गेलं नाही, तर साध्या तापात किंवा जुलाबातही मुलाचा जीव धोक्यात येऊ शकतो. पण रिपोर्टवर कमी दिसणारं प्रत्येक कॉर्टिसॉल म्हणजे आजार नसतो, आणि ज्या मुलांमध्ये तो असतो त्यांतही कारण बहुतेक वेळा ग्रंथीत नसून घरातल्या औषधांच्या डब्यात सापडतं.

ग्रंथी आणि तिचा इतिहास

दोन्ही मूत्रपिंडांच्या माथ्यावर टोपीसारख्या बसलेल्या अधिवृक्क, म्हणजे अ‍ॅड्रिनल ग्रंथी कॉर्टिसॉल बनवतात. त्यांना हुकूम येतो मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिका ग्रंथीकडून, एसीटीएच या संप्रेरकाच्या रूपात. आणि पीयूषिकेला इशारा मिळतो तिच्या वरच्या हायपोथॅलॅमसकडून. रक्तात कॉर्टिसॉल पुरेसं झालं की वरचे दोघे हात आखडता घेतात. कॉर्टिसॉल रक्तातली साखर टिकवतं, रक्तदाब सांभाळतं आणि आजारपण, शस्त्रक्रिया, अपघात अशा प्रसंगी शरीराला तग धरायला लावतं. त्याच ग्रंथीतलं अल्डोस्टेरॉन हे दुसरं संप्रेरक शरीरातलं मीठ आणि पोटॅशियम यांचा हिशेब ठेवतं.

लंडनच्या गायज हॉस्पिटलमधले थॉमस अ‍ॅडिसन यांनी १८५५ साली अशक्तपणा, उलट्या आणि काळवंडत गेलेली त्वचा असलेल्या ११ रुग्णांचं वर्णन प्रसिद्ध केलं आणि या आजाराचा संबंध अ‍ॅड्रिनल ग्रंथींशी जोडला. त्यांतल्या अनेकांच्या ग्रंथी क्षयाने पोखरलेल्या होत्या. पुढच्याच वर्षी ब्राउन-सेकार या शास्त्रज्ञाने प्राण्यांच्या दोन्ही ग्रंथी काढून दाखवल्या. ते प्राणी जगले नाहीत. उपचार हाती यायला मात्र जवळपास शंभर वर्षं लागली. या ग्रंथींतली संप्रेरकं ओळखून वेगळी काढण्याच्या कामासाठी केंडल, राइशस्टाइन आणि हेंच यांना १९५० साली नोबेल मिळालं. त्याच सुमारास बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये लॉसन विल्किन्स यांनी जन्मजात अ‍ॅड्रिनल दोष असलेल्या मुलांना कॉर्टिसोन द्यायला सुरुवात केली. तोवर अशी कित्येक बाळं निदानाशिवाय दगावत होती.

आकडा वाचण्याआधी घड्याळ बघायचं

कॉर्टिसॉलची पातळी दिवसभर स्थिर राहत नाही. पहाटे ती चढू लागते, सकाळी उठण्याच्या सुमारास शिखर गाठते, दुपारनंतर उतरते आणि मध्यरात्रीच्या आसपास तळाला जाते. म्हणून तपासणीचं रक्त सकाळी आठ-नऊच्या दरम्यान काढायचं असतं. शाळा सुटल्यावर संध्याकाळी पाचला काढलेल्या रक्तात कॉर्टिसॉल कमी निघालं, तर त्यावरून फारसं काही सांगता येत नाही.

तान्ह्या बाळांचा हा दिनक्रम अजून बसलेलाच नसतो. जन्मानंतरचे पहिले काही महिने सकाळ-रात्र असा फरक स्पष्ट दिसत नाही. कॉर्टिसॉल रक्तातून वाहून नेणारं प्रथिनही नवजात बाळात कमी असतं. अशा बाळाच्या रक्तात एखाद्या वेळी २ किंवा ३ मायक्रोग्रॅम आले म्हणून लगेच निदान होत नाही. उलट अतिदक्षता विभागात गंभीर संसर्गाने पडलेल्या मुलाचं कॉर्टिसॉल भरपूर वाढलेलं असायला हवं. तिथे ‘नॉर्मल’ मर्यादेत बसणारा मधलाच आकडा आला, तर डॉक्टर त्याकडे संशयाने बघतात.

सकाळच्या आकड्याचा ढोबळ अर्थ असा लावला जातो: डेसिलिटरमागे ३ मायक्रोग्रॅमच्या खाली असेल तर ग्रंथी काम करत नसल्याची शक्यता मोठी, १५ च्या वर असेल तर ती बरीच कमी. बहुसंख्य रिपोर्ट या दोन टोकांच्या मधे पडतात आणि तिथे पुढच्या चाचणीशिवाय निकाल लागत नाही. काही प्रयोगशाळा आकडा नॅनोमोल प्रति लिटरमध्ये देतात. डेसिलिटरमागे १ मायक्रोग्रॅम म्हणजे लिटरमागे सुमारे २७.६ नॅनोमोल. एका लॅबचा १३८ आणि दुसरीचा ५ हे आकडे त्यामुळे एकच असू शकतात.

रक्तातली साखर एकाएकी उतरलेल्या मुलाचं त्याच क्षणी घेतलेलं कॉर्टिसॉल हाही एक चकवा आहे. साखर घसरली की कॉर्टिसॉल चढायला हवं, असं पुस्तकात असतं. प्रत्यक्षात ग्रंथी ठणठणीत असलेल्या बऱ्याच मुलांमध्येही त्या वेळी ते अपेक्षेइतकं चढलेलं नसतं. त्या एकाच नमुन्यावर आयुष्यभराचं औषध सुरू करणं म्हणूनच योग्य मानलं जात नाही. नंतर रीतसर चाचणी करून खात्री केली जाते.

प्रयोगशाळेतले चकवे

रक्तातलं ९० टक्क्यांहून जास्त कॉर्टिसॉल प्रथिनांना चिकटून फिरतं आणि शरीराच्या कामी येतो तो मोकळा उरलेला अल्प भाग. नेहमीची चाचणी मात्र दोन्हींची बेरीज सांगते. ज्या मुलाची प्रथिनंच कमी झाली आहेत, उदाहरणार्थ नेफ्रोटिक सिंड्रोममध्ये ती लघवीवाटे निघून जात आहेत किंवा यकृताच्या आजारात तयारच होत नाहीत, त्याची बेरीज कमी दिसते, मोकळं कॉर्टिसॉल पुरेसं असलं तरी.

औषधंही आकड्यात ढवळाढवळ करतात. प्रेडनिसोलोनची रचना कॉर्टिसॉलशी इतकी मिळतीजुळती आहे की अनेक यंत्रं त्यालाही कॉर्टिसॉल समजून मोजतात; मग झोपी गेलेली ग्रंथी कागदावर जागी दिसते. डेक्सामेथासोन आणि बीटामेथासोन बहुतांश यंत्रांच्या नजरेत येत नाहीत, पण ग्रंथीला मात्र तीही गप्प करतात. हायड्रोकॉर्टिसोन म्हणजे तर औषधरूपातलं कॉर्टिसॉलच. ते घेणाऱ्या मुलाचं रक्त तपासताना आदल्या संध्याकाळचा आणि त्या सकाळचा डोस द्यायचा की नाही हे डॉक्टरांनी आधी ठरवून सांगावं लागतं. केसांसाठी घेतल्या जाणाऱ्या बायोटिनच्या मोठ्या गोळ्यांनी काही यंत्रांवर कॉर्टिसॉल खोटंच जास्त दिसतं.

एसीटीएचची गंमत याहून वेगळी आहे. कॉर्टिसॉलसोबत ते मोजलं तर दोष ग्रंथीत आहे की तिला हुकूम देणाऱ्या पीयूषिकेत, हे कळतं. ग्रंथी बंद पडली असेल तर एसीटीएच आकाशाला भिडतं, आणि पीयूषिकाच थकली असेल तर ते कमी किंवा मधलंच राहतं. पण हे संप्रेरक नाजूक आहे. रक्त थंड नळीत घेऊन, बर्फात ठेवून, लवकर यंत्रात फिरवून वेगळं करावं लागतं. तालुक्याच्या गावी घेतलेला नमुना साध्या डब्यातून पुण्या-मुंबईला पोहोचेपर्यंत त्यातलं एसीटीएच विरलेलं असतं. मग ग्रंथीचा आजार पीयूषिकेचा भासतो आणि मुलाच्या मेंदूचं एमआरआय उगाच होतं.

निर्णायक चाचणी

संशय उरला तर ग्रंथीला ढोसून बघतात. एसीटीएचचा कृत्रिम तुकडा, टेट्राकोसॅक्टाइड, शिरेतून किंवा स्नायूत टोचला जातो. मोठ्या मुलांना २५० मायक्रोग्रॅम, दोन वर्षांखालच्यांना साधारण निम्मा आणि तान्ह्या बाळांना वजनाप्रमाणे. अर्ध्या तासाने आणि एका तासाने कॉर्टिसॉल मोजतात. ते १८ मायक्रोग्रॅमपर्यंत चढलं की ग्रंथी पास, असा नियम अनेक वर्षं होता. नव्या, अधिक काटेकोर यंत्रांवर आकडे मुळातच कमी येतात, म्हणून तिथे १४ ते १५ ही रेषा मानली जाते. जुन्या रेषेने नवा रिपोर्ट वाचला तर निरोगी मूलही नापास होऊ शकतं.

भारतात टेट्राकोसॅक्टाइड नेहमी मिळत नाही. त्यामुळे इथल्या अनेक केंद्रांत डुकराच्या पीयूषिकेपासून बनवलेलं दीर्घकाळ टिकणारं एसीटीएच वापरून ही चाचणी केली जाते. त्यात नमुने घेण्याच्या वेळा वेगळ्या असतात. हेच इंजेक्शन तान्ह्या बाळांना येणाऱ्या वेस्ट सिंड्रोमच्या झटक्यांवर उपचार म्हणून काही आठवडे दिलं जातं, आणि तो कोर्स संपल्यावर त्या बाळांची स्वतःची यंत्रणा काही काळ मंदावलेली असते.

पीयूषिकेचा दोष नुकताच सुरू झालेला असेल, तर ही चाचणी खोटा दिलासाही देऊ शकते. ग्रंथी अजून सुकलेली नसते, बाहेरून एसीटीएच मिळताच ती उसळून उठते. पीयूषिकेजवळच्या क्रॅनिओफॅरिंजिओमासारख्या गाठीच्या शस्त्रक्रियेनंतर पहिल्या काही आठवड्यांत म्हणूनच डॉक्टर चाचणीपेक्षा सकाळच्या कॉर्टिसॉलवर आणि सावधगिरीच्या औषधावर अधिक भिस्त ठेवतात.

औषधांच्या डब्यातलं कारण

मुलांमध्ये कॉर्टिसॉल खरोखर कमी असण्याचं सर्वांत नेहमीचं कारण म्हणजे बाहेरून दिलेली स्टेरॉइडं. कॉर्टिसॉलचं काम करणारं औषध रोज शरीरात येऊ लागलं की हायपोथॅलॅमस आणि पीयूषिका शांत बसतात आणि हुकूम न मिळालेली ग्रंथी आक्रसते. औषध एकदम थांबलं की मागे पोकळी राहते.

हे औषध अनेकदा अत्यावश्यक असतं. पहिल्यांदा नेफ्रोटिक सिंड्रोम झालेल्या मुलाला भारतीय बालमूत्रपिंडतज्ज्ञांच्या शिफारशीप्रमाणे सहा आठवडे रोज आणि पुढचे सहा आठवडे एक दिवसाआड प्रेडनिसोलोन द्यावं लागतं, आणि आजार पुन्हा उलटला तर परत सुरू करावं लागतं. रक्ताच्या कर्करोगाच्या उपचारात स्टेरॉइडचे मोठे डोस असतात. ते थांबवल्यावर पहिल्या काही दिवसांत जवळपास सगळ्याच मुलांचं कॉर्टिसॉल खाली असतं. बहुतेकांचं काही आठवड्यांत सावरतं, थोड्यांना महिने लागतात. ड्युशेन स्नायुदौर्बल्यात तर स्टेरॉइड वर्षानुवर्षं चालू राहतं. या मुलांचा कमी आकडा अनपेक्षित नसतो. या काळात मुलाला ताप, उलट्या किंवा शस्त्रक्रिया आली तर वाढीव औषध द्यायचं, हे लक्षात ठेवणं जास्त महत्त्वाचं.

दम्याच्या पंपातलं स्टेरॉइड नेहमीच्या डोसला सुरक्षित असतं आणि पंप भीतीपोटी बंद करणं दम्याच्या मुलासाठी जास्त घातक ठरतं. प्रश्न येतो मोठ्या डोसचा. ब्रिटनमध्ये २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत पंप घेणाऱ्या ३३ रुग्णांना तीव्र अ‍ॅड्रिनल संकट आल्याचं नोंदवलं गेलं. त्यांत २८ मुलं होती, आणि बहुतेक रुग्ण फ्लुटिकासोनचे मोठे डोस घेत होते. काही औषधं हा परिणाम वाढवतात: एचआयव्हीवरचं रिटोनाविर आणि बुरशीवरचं इट्राकोनाझोल यकृताला स्टेरॉइड मोडू देत नाहीत, त्यामुळे पंपातला छोटा डोसही शरीरात साचतो. क्षयावरचं रिफॅम्पिसिन उलट वागतं. ते कॉर्टिसॉल झपाट्याने मोडतं, आणि ज्याची ग्रंथी क्षयाने आधीच कमकुवत केली आहे अशा रुग्णाला उपचार सुरू झाल्यावर संकट येऊ शकतं.

सर्वांत जास्त हुकतात ती मलमं आणि थेंब. क्लोबेटासोल हे अतिशय तीव्र स्टेरॉइड बुरशी आणि जंतू मारणाऱ्या औषधांसोबत एकाच ट्यूबमध्ये मिसळून विकलं जातं, आणि खाज, गजकर्ण, डायपरमुळे आलेलं पुरळ अशा सगळ्यावर लावलं जातं. बाळाची त्वचा पातळ, अंगाच्या मानाने तिचं क्षेत्रफळ मोठं, त्यावर डायपरचं झाकण. अशा स्थितीत औषध भराभर रक्तात उतरतं. बीटामेथासोनचे थेंब खोकल्यासाठी किंवा ‘भूक लागावी’ म्हणून महिनोन्महिने दिले गेल्याची उदाहरणं भारतीय बालरोगतज्ज्ञांनी वारंवार नोंदवली आहेत. बाळ गुटगुटीत होतं, चेहरा गोल होतो, घरचे खूश होतात. उंची मात्र थांबलेली असते आणि रक्त तपासलं तर कॉर्टिसॉल जवळजवळ शून्य. त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेने स्टेरॉइड मलमांच्या गैरवापराविरुद्ध बराच काळ मोहीम चालवली, आणि २०१८ साली केंद्र सरकारने अशी चौदा स्टेरॉइडं चिठ्ठीशिवाय न विकण्याच्या यादीत घातली. दुकानात तशीच ट्यूब मागून घेण्याची सवय मात्र अजून गेलेली नाही. दम्यावरच्या किंवा सांधेदुखीवरच्या निनावी पुड्यांमध्येही स्टेरॉइड सापडतं.

म्हणून रिपोर्ट घेऊन गेल्यावर बालसंप्रेरकतज्ज्ञाचा पहिला प्रश्न बहुधा ग्रंथीबद्दल नसतोच. गेल्या वर्षभरात काय काय पोटात गेलं, काय लावलं, नाकात काय फवारलं, पंप कोणता, पुडी कुणाची, हे तो खोदून विचारतो.

जन्मापासूनचे आणि नंतरचे आजार

औषधाचा हात नसेल तेव्हा मुलांमध्ये अव्वल नंबर लागतो जन्मजात अ‍ॅड्रिनल हायपरप्लासियाचा. बहुतेकांत २१-हायड्रॉक्सिलेज हे विकर नसतं. कॉर्टिसॉल बनत नाही आणि कच्चा माल पुरुषी संप्रेरकांकडे वळतो. मुलगी असेल तर जननेंद्रियांच्या वेगळ्या ठेवणीमुळे जन्मतःच शंका येते. मुलगा दिसायला नेहमीसारखाच असतो. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात तो ओकू लागतो, वजन घटतं, मलूल होतो. घरी ‘दूध पचत नाही’ असं निदान होतं आणि दवाखान्यात जंतुसंसर्गाचं. रक्तात सोडियम खाली आणि पोटॅशियम वर दिसलं की मग दिशा कळते.

या आजाराची नवजात चाचणी कॉर्टिसॉल मोजत नाही. टाचेतून घेतलेल्या रक्ताच्या थेंबात १७-ओएचपी हा साठलेला कच्चा माल मोजला जातो. अपुऱ्या दिवसांच्या बाळांत तो तसाही वाढलेला असतो, म्हणून पुनर्तपासणी लागते. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने पाच महानगरांत एक लाखाहून जास्त नवजातांची तपासणी केली, तेव्हा ५,७६२ मध्ये एक असं प्रमाण निघालं. चेन्नईत २,०३६ मध्ये एक आणि मुंबईत ९,९८३ मध्ये एक. गोव्याने २००८ साली सरकारी पातळीवर नवजात तपासणी सुरू केली. देशभर मात्र ती अजून सर्वांना सक्तीची नाही.

शाळकरी वयात दिसतो तो अ‍ॅडिसनचा आजार. शरीराची प्रतिकारशक्तीच ग्रंथीवर उलटते. मूल थकतं, पोट दुखतं, वजन उतरतं, लोणचं आणि नुसतं मीठही आवडीने खातं. एसीटीएच वाढल्यामुळे रंग काळवंडतो. आपल्याकडे ‘उन्हात खेळून रापलाय’ म्हणून ते सोडून दिलं जातं. उन्हाने तळहाताच्या रेषा, बोटांचे पेर, हिरड्या आणि जुने व्रण काळे होत नाहीत, हे तज्ज्ञ आवर्जून तपासतात. मुलाला असा आजार निघाला आणि तो मुलगा असेल, तर रक्तातली अतिदीर्घ साखळीची मेदाम्लं मोजणं गरजेचं ठरतं. कारण एक्स-गुणसूत्रावरून येणाऱ्या अ‍ॅड्रेनोल्युकोडिस्ट्रॉफीत ग्रंथीचा दोष हे कधीकधी पहिलं लक्षण असतं आणि मेंदूवरचा आघात नंतर येतो. १९९२ चा ‘लॉरेंझोज ऑइल’ हा चित्रपट याच आजाराच्या एका मुलावर होता. अश्रू न येणं आणि अन्न गिळताना अडकणं या लक्षणांसोबत कॉर्टिसॉल कमी असेल तर ट्रिपल-ए सिंड्रोमकडे बोट जातं. पीयूषिकाच नीट न घडलेल्या नवजातात रक्तशर्करा वारंवार उतरते आणि कावीळ रेंगाळते.

जो आजार नाही

आजारांच्या या यादीत ‘अ‍ॅड्रिनल फटीग’ मात्र नाही. १९९८ च्या सुमारास अमेरिकेतून हा शब्द निघाला: ताणामुळे ग्रंथी दमते, चाचण्यांत मात्र दिसत नाही, असा दावा. २०१६ साली ५८ अभ्यासांचा आढावा घेऊन संशोधकांनी या कल्पनेला आधार नसल्याचा निष्कर्ष काढला. घरबसल्या लाळेचे नमुने पाठवण्याचे संच आणि ‘अ‍ॅड्रिनल सपोर्ट’ गोळ्या तरीही विकल्या जातात. परीक्षेने थकलेल्या, उशिरापर्यंत जागणाऱ्या आठवीतल्या मुलाचं कॉर्टिसॉल यामुळे तपासलं जातं, आणि झोपेचं वेळापत्रक उलटलं असेल तर सकाळचा आकडा कमीही येतो.

निदान पक्कं झाल्यावर

ग्रंथी खरोखर काम करत नसेल तर उपचार साधा आणि जुना आहे. शरीराच्या पृष्ठभागाच्या दर चौरस मीटरला दिवसाला साधारण ८ ते १० मिलिग्रॅम हायड्रोकॉर्टिसोन, तीन डोसांत. जन्मजात हायपरप्लासियात थोडं जास्त. मिठाचा तोल बिघडला असेल तर फ्लुड्रोकॉर्टिसोन, आणि तान्ह्या बाळाला वरून मीठ. युरोपात लहानग्यांसाठी अर्ध्या मिलिग्रॅमपासूनचे दाणेदार कॅप्सूल २०१८ पासून मंजूर आहेत. इथे आईवडील पाच मिलिग्रॅमच्या गोळीचे चार तुकडे करतात, आणि प्रत्येक तुकडा सारखा निघत नाही.

खरी परीक्षा आजारपणात होते. तापात डोस दुप्पट-तिप्पट करायचा असतो. उलट्यांमुळे गोळी पोटात टिकत नसेल, मूल गुंगीत जात असेल किंवा झटका आला असेल, तर हायड्रोकॉर्टिसोनचं इंजेक्शन स्नायूत द्यायचं: तान्ह्या आणि अगदी लहान मुलांना २५, शाळकरी मुलांना ५० आणि किशोरांना १०० मिलिग्रॅम. सोबत साखर आणि सलाईन. १०० मिलिग्रॅमची ही कुपी राष्ट्रीय अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे, आणि २०२२ च्या यादीत फ्लुड्रोकॉर्टिसोनचीही भर पडली. मुलाच्या दप्तरात आणि पालकांच्या पाकिटात आजाराचं नाव, डोस आणि तज्ज्ञाचा फोन लिहिलेलं पत्र असावं, असं तज्ज्ञ सांगतात. गावच्या दवाखान्यातला रात्रपाळीच्या डॉक्टरने हा आजार क्वचितच पाहिलेला असतो.

स्टेरॉइडमुळे झोपलेली ग्रंथी बहुतेक मुलांमध्ये पुन्हा उठते. आधी पीयूषिका जागी होते, मग ग्रंथी. काहींना आठवडे लागतात, काहींना वर्षभर. त्या काळात औषध हळूहळू उतरवलं जातं आणि ठरावीक अंतराने सकाळी, डोस घेण्याआधी रक्त तपासलं जातं. पहिला आकडा १.२, चार महिन्यांनी ४, आठ महिन्यांनी ११ असा प्रवास अशा मुलाच्या फाइलमध्ये दिसू शकतो. त्यातला मधला रिपोर्टही छापील मर्यादेच्या खालीच असतो, पण तोवर डॉक्टरने रोजची गोळी बंद करून फक्त आजारपणासाठीचा डोस चिठ्ठीवर ठेवलेला असू शकतो.